दादाच्या आवाजाची दोन पॅकेजं

शनिवारी सकाळी साडेनऊला मी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल दुमडून पसरला आणि त्यावर दादाचा डबा ठेवला. टॉवेल अशासाठी, की डब्याच्या तळाचे रबरी पाय कधीच पडून गेलेत आणि टेबलाच्या काचेवर तो घसरतो. दादा समोर पाटी घेऊन बसला होता. डबा बंद असला की त्याच्याजवळ पाटी असते, तीसुद्धा लहान मुलांची, कडेला तारेत मणी ओवलेली. त्याने लिहिलं, 'किती वेळ?'

"दोन तास," मी म्हटलं. "फार तर तीन."

त्याने तारेवरचे तीन मणी एका बाजूला सरकवले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

डबा म्हणजे दादाचं बोलण्याचं यंत्र. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये त्याचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. त्याच्या आधीचे तीन आठवडे वाचातज्ज्ञ बाईंनी त्याला रोज एका बंद खोलीत बसवून त्याच्याकडून सोळाशे वाक्यं वाचून घेतली. वाक्यं तरी कसली, 'अठ्ठावीस छत्र्या गच्चीत वाळत होत्या', 'ढोलकीवाल्याच्या बहिणीला थंडी वाजते', असला सगळा सावळागोंधळ. भाषेतले झाडून सगळे ध्वनी त्यात येतात म्हणे. मग बाईंनी त्या वाक्यांचे बारीक तुकडे करून त्यांचं एक पॅकेज बनवलं. दादा टाइप करतो, डबा ते तुकडे एकमेकांना शिवतो आणि दादाच्याच आवाजात बोलतो. शिवण कधीकधी दिसते, पण आवाज त्याचाच.

तीस वर्षं दादा मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होता. शेजारच्या सीटवर बसून, आवाज जराही न चढवता, त्याने हजारो घाबरट माणसांना रस्त्यावर आणलं. आवाज गेला तशी नोकरी गेली, आणि नोकरी गेली तसा तो घरात मिटून बसला. मी माझं बिऱ्हाड गुंडाळून त्याच्याकडे राहायला आले ती तेव्हापासून. मागच्या आठवड्यात स्कूलच्या मालकीणबाईंचा फोन आला, की वाहतुकीचे नियम समजावून सांगणारा धड माणूस मिळत नाही, डबा घेऊन बुधवारी चार वाजता एक वर्ग घेऊन बघाल का. दादा इतका हरखला की त्याने त्याच संध्याकाळी बुटांना पॉलिश केलं.

आणि नेमका आता डबा मध्येच अडकायला लागला होता. डॉक्टरांकडे तो 'दुखत' म्हणून थांबला आणि 'नाही' म्हणायला त्याने पाऊण मिनिट घेतलं. तोवर डॉक्टरांनी गोळ्या लिहूनही टाकल्या होत्या. कारण साधं होतं. डब्याची सिस्टिम जुनी झाली होती, अपडेट केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी बावीस वर्षं पाणीपुरवठा खात्यातले साठ कॉम्प्युटर सांभाळते आहे. अपडेट म्हणजे माझा हातचा मळ, असं मला त्या सकाळपर्यंत वाटत होतं.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पॅकेज म्हणजे प्रोग्रॅमचा बांधलेला गठ्ठा. प्रत्येक गठ्ठ्यावर एक चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, की मला कोण कोण सोबत लागतं, आणि माझं कुणाशी पटत नाही. अपडेट करताना सिस्टिम सगळ्या चिठ्ठ्या वाचते आणि कुणाला कुणाशेजारी बसवायचं ते ठरवते. लग्नाच्या पंगतीत घरातल्या मोठ्या बाईला जे करावं लागतं तेच. दोघांचं पटत नसेल तर एकाला उठवावं लागतं.

सवयीप्रमाणे मी आधी डब्याची पूर्ण प्रत काढून ठेवली आणि मग हात घातला. पहिलं भांडण अपेक्षित होतं. दादाच्या आवाजाला एक जुनी फाइल लागत होती आणि नव्या सिस्टिमला तिची नवी आवृत्ती. दोन्ही वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून मी ते मिटवलं. साडेअकरा झाले होते. दादाने चहा केला, कप माझ्या कोपरापासून लांब ठेवला, कारण एकदा मी कीबोर्डवर सांडला होता आणि ते तो विसरायला तयार नाही.

मग मी आवाजाचं पॅकेज बसवायला घेतलं आणि स्क्रीनवर ओळ आली. पॅकेजांची नावं इंग्रजी अक्षरांत असतात, मी इथे आपल्या अक्षरांत लिहिते.

'आवाज-४१ बसवता येत नाही. आवाज-४१-मूळ आधीपासून आहे. या दोघांचं एकत्र चालत नाही.'

एक्केचाळीस हा दादाचा पेशंट नंबर. 'मूळ' हे काय, ते मला माहीत नव्हतं. मी ते बसवलं नव्हतं. मी वाचातज्ज्ञ बाईंना फोन लावला.

"मूळ?" बाई म्हणाल्या. "नाही गं. तुझ्या दादाचं मी एकच केलं होतं. दुसरं करायला वेळ कुठे होता?"

"आणि चिठ्ठीवर तुम्ही, कुणाशी पटत नाही, तिथे काही लिहिलंत?"

"ती जागा मी रिकामीच सोडते. माझ्या पॅकेजांचं कुणाशी कशाला भांडण असेल?" मग त्यांनी विचारलं, "कसा आहे तो? आणि तू कशी आहेस? तू बाहेर बाकावर बसून माझा प्रिंटर दुरुस्त करून दिला होतास, अजून चालतोय तो."

फोन ठेवल्यावर मी चिठ्ठी उघडून पाहिली. जागा रिकामी नव्हती. तिथे 'आवाज-४१-मूळ' असं लिहिलेलं होतं, आणि ती ओळ लिहिल्याची तारीख ऑपरेशनच्या दिवसाची होती.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. माझ्या कामात कोडं पडलं तर त्याचं उत्तर कुठल्या तरी फाइलमध्ये असतं, आणि ती सापडेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नसतं. मी दुसरं पॅकेज उघडलं. त्यात दोनशे बारा वाक्यं होती. सगळ्यांच्या तारखा गेल्या पाच महिन्यांतल्या होत्या. दादाचा आवाज तर दोन वर्षांपूर्वीच गेला होता.

दादा पेपर वाचत होता. मी हेडफोन लावले आणि पहिलं वाक्य चालवलं.

"एकच पिशवी द्या दुधाची."

दादाचा आवाज. तुकडे शिवलेला नव्हे, सलग. आधी घसा खाकरलेला, मग श्वास. आणि आवाज थोडा म्हातारा झालेला, जसा तो या दोन वर्षांत झाला असता तसा. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी, खरं सांगते, डोळे भरून आले. तो खाकरण्याचा आवाज मी किती दिवसांत ऐकला नव्हता.

बाईंच्या खोलीतली वाक्यं अगदी मुकी असतात, मागे काही म्हणजे काही ऐकू येत नाही. यांच्या मागे खोली होती. फ्रिज होता. आमचा फ्रिज बंद होताना दोन वेळा टक टक करतो, तसं केलं त्याने. खालच्या लाँड्रीचं शटर अर्ध्यावर अडकून मग वर जातं, तेही ऐकू आलं. मी हेडफोन काढले. शटर शांत होतं. पुन्हा लावले.

"नाही हो, ती खोली बंदच असते."

"तिचे कपडे कुणाला तरी द्यायचेत, बघा कोणी असलं तर."

प्रत्येक वाक्याच्या आधी आणि नंतर थोडी शांतता होती, समोरचा माणूस बोलतो तेवढी. समोरच्याचा आवाज मात्र नव्हता. चाळिसावं की एक्केचाळिसावं वाक्य असेल:

"गाडी चालवायला तिला मीच शिकवलं होतं. तेच तर."

त्यापुढे कितीतरी वेळ नुसता फ्रिज चालू होता.

दादाने मला कधीच गाडी शिकवली नाही. बाविसाव्या वर्षी मी त्याच्यामागे वर्षभर भुणभुण लावली होती. तो म्हणायचा, घरच्यांना शिकवायचं नाही, आपल्या माणसाशेजारी बसलं की माझेच हात कापतात. मी रुसले, अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. मला आजही गाडी येत नाही. मी बसने जाते.

त्याने पेपर खाली करून पाटी वर केली. 'काय ऐकतेस?'

"काही नाही, नमुने आहेत," मी म्हटलं.

कुणीतरी नक्कल करून चाचणीसाठी बनवलं असेल. किंवा डबा स्वतःच उरलेल्या तुकड्यांतून वाक्यं जुळवून साठवत असेल. फ्रिजचं काय, ते मी बाजूला ठेवलं. न कळणारी गोष्ट काढून टाकता येते हे माझ्या धंद्याचं एक बरं आहे. मी 'मूळ' काढायची आज्ञा दिली. सिस्टिमने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. ते गेलं. मी दादाचं पॅकेज बसवायला घेतलं.

'बसवता येत नाही. आवाज-४१-मूळ आधीपासून आहे.'

पुन्हा काढलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काढून मी लगेच यादी पाहिली. ते होतं. त्यात आता दोनशे तेरा वाक्यं होती. शेवटचं आत्ताचं, त्याच मिनिटाचं.

चालवू नये असं वाटत होतं तरी चालवलं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, आणि दादा, जरा दबकत, म्हणाला, "कोण आहे?"

समोर दादा जागेवरच होता. चष्मा कपाळावर, पाटी मांडीवर. पाच मणी सरकवून झाले होते. अडीच वाजले होते.

त्याने लिहिलं, 'नाही होणार का?'

नाही म्हटलं असतं तर तो काही बोलला नसता, म्हणजे पाटीवरही नाही. बूट परत कपाटात गेले असते आणि बुधवारी चार वाजता तो पलंगावर पाठ करून पडला असता. मला ते पाहवलं नसतं. म्हणून मी ती गोष्ट केली, जी आमच्या खात्यात मी नव्या माणसांना कधी करू देत नाही. सगळे जुने लोक मात्र अडलं की करतात.

मी दादाच्या पॅकेजचा गठ्ठा सोडला, चिठ्ठी उघडली, आणि पटत नाही ही ओळ पुसून टाकली. पुन्हा गठ्ठा बांधला. सिस्टिम जे लिहिलंय तेवढंच वाचते. ओळ नाही म्हणजे भांडण नाही. दोन्ही पॅकेजं शेजारी शेजारी बसली, एका मिनिटात, कुरकुर न करता.

डबा सुरू झाला. दादाने टाइप केलं आणि डबा म्हणाला, "ऐकू येतंय का?"

शिवण नव्हती. श्वास होता. दादाने तोंडावर हात धरला. मग त्याने ते वाक्य परत बोलवलं, आणि परत, आणि रडता रडता हसायला लागला. मीही हसले. त्या दिवशी आम्ही दोघांनी जेवण चार वाजता केलं.

रविवारी तो दिवसभर बोलत होता. मावशीला फोन केला, खालच्या लाँड्रीवाल्याशी क्रिकेटवरून वाद घातला, जुन्या ओळखीच्या मेकॅनिकला उगाच बोलावून घेतलं. संध्याकाळी भांडी घासताना मला जाणवलं की आज त्याने मला हाक मारली नाही. तो मला 'बारके' म्हणतो. मी एकावन्न वर्षांची आहे, वजनाने तर मुळीच बारकी नाही, तरी बारकेच. ऑपरेशननंतर डब्यावर त्याने पहिला शब्द तोच टाइप केला होता.

"दादा, मला हाक मार," मी म्हटलं.

त्याने भुवया उंचावल्या आणि टाइप केलं. डबा थोडा वेळ गप्प राहिला, शब्दाएवढा, आणि मग म्हणाला, "चहा हवाय का?"

स्क्रीनवर लिहिलेलं होतं: 'बारके, चहा हवाय का?'

सोमवारी मी रजा टाकली. वीस वाक्यं करून दादाकडून टाइप करून घेतली. माझी बहीण आली. आम्ही दोघं घरी आहोत. बहिणीला विचारून सांगतो. सगळीकडे डबा तेवढ्यापुरता गप्प राहायचा आणि पुढे जायचा. घरी आहोत. विचारून सांगतो. दुकानात दादाने 'दोन पिशव्या' टाइप केलं आणि डब्याने एकच मागितली. दुकानदाराने एकच दिली.

कारण सापडलं तेव्हा मला हायसं वाटलं. शब्द शोधताना सिस्टिम आता आधी 'मूळ'मध्ये जात होती आणि तिथे तो शब्द नसला तर दादाच्या जुन्या पॅकेजकडे वळायला हवी होती, ती वळत नव्हती. 'मूळ'ची शब्दसूची मी अक्षर अक्षर तपासली. बहीण नव्हती. बारके नव्हतं. दोघं नव्हतं. मी शोध बदलून पाहिला, क्रम उलटा करून पाहिला, शेवटी दादाचं पॅकेज एकटंच वाचायला सांगितलं. त्यातही ते शब्द मिळाले नाहीत. सोळाशेंपैकी तीनशे अठरावं वाक्य ढोलकीवाल्याच्या बहिणीचं. ते मी चालवलं. दादा म्हणाला, "ढोलकीवाल्याच्या थंडी वाजते." मध्ये थोडी शांतता.

"हे बरोबर नाही," मी दादाला म्हटलं. "मी आज जुनं सगळं परत घालते. प्रत आहे माझ्याकडे. अडकत अडकत का होईना, बोलशील."

"बुधवारनंतर," डबा म्हणाला.

"मला हाक मारत नाही रे तो."

दादाने डबा बाजूला ठेवला, पाटी घेतली, तिच्यावर भलं मोठं 'बारके' लिहिलं आणि ती फ्रिजवर उभी करून ठेवली. माझ्या डोक्यावर टपली मारली. इतका माझा राग गेला की मी बुधवारनंतर बघू म्हटलं.

मंगळवारी सकाळी पाटी फ्रिजवरच होती, पुसलेली. काहीतरी लिहायला लागली असेल त्याला. तो स्वयंपाकघरात येताना दाराशी थांबला आणि दोन बोटांनी चौकटीवर टकटक करून आत आला. मी विचारलं, हे काय नवीन. तो नुसता हसला. चहाचा एक कप भरून घेऊन गेला. पातेल्यात एकाचाच होता.

दुपारी तो झोपल्यावर मी कपाटातून प्रत काढली. म्हटलं, बुधवारी संध्याकाळी घाई नको, आत्ताच तयारी करून ठेवू. शनिवारी सकाळी, कशालाही हात लावायच्या आधी, मी स्वतः काढलेली प्रत.

तिच्यात 'आवाज-४१' नव्हतंच. एकटं 'मूळ' होतं, दोन वर्षांपासून बसवलेलं. चिठ्ठीवरची, कुणाशी पटत नाही, ती जागा रिकामी होती.

मी शनिवारच्या सगळ्या आज्ञा पुन्हा वाचून काढल्या. मी अपडेट करताना काय चुकले ते शोधत होते, आणि मला एकही चूक सापडत नव्हती. मी बाईंना पुन्हा फोन केला. त्यांनी उचलला.

"मी एक्केचाळीस नंबरच्या पेशंटची बहीण," मी म्हटलं.

"कोण?" बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, अगदी अदबीने, "त्यांना बहीण होती, हो. गाडीच्या अपघातात गेली ती, ते सांगायचे. तुम्ही कोण बोलताय?"

मी फोन ठेवला.

बुधवारी वर्ग छान झाला. तो छान झाला नसता तर बरं झालं असतं, असं मला आत्ता वाटतं आणि त्याची लाजही वाटते. चौदा माणसं होती, पंख्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी मागच्या रांगेत बसले. दादा चौकातले नियम सांगत होता, मध्येच खाकरत होता, आणि माणसं डब्याकडे बघायची विसरून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. दोन वर्षांत मी त्याला इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

वर्ग संपल्यावर मालकीणबाईंनी नोकरीचा फॉर्म काढला. मी पुढे जाऊन त्याच्याशेजारी उभी राहिले.

"पत्ता तोच ना?" त्यांनी विचारलं. "आणि घरी कोण असतं? काही झालं तर कळवायला."

दादाने टाइप केलं.

"कोणी नाही," डबा म्हणाला. "मी एकटाच असतो."

मालकीणबाईंनी मान खाली घालून लिहायला घेतलं.

"थांबा," मी म्हटलं. "यंत्रात घोटाळा आहे. काही शब्द त्याला बोलता येत नाहीत. याने काय टाइप केलंय ते दाखवते."

मी डबा त्यांच्याकडे वळवला. मीही वाकून वाचलं.

'कोणी नाही. मी एकटाच असतो.'

अक्षर न् अक्षर. आधी नाही, नंतर नाही, मध्ये रिकामी जागा नाही.

मी "दादा" म्हटलं. खोलीतल्या दोघांनी वर पाहिलं, जसं कुणी अनोळखी माणूस मोठ्याने बोललं की पाहतात.

दादाने डबा हलकेच माझ्या हातातून सोडवून घेतला. तो रागावला नव्हता. माझा गोंधळ त्याला दिसत होता आणि त्याला माझी दया येत होती. शेजारच्या खुर्चीवरची त्याची पिशवी उचलून त्याने जमिनीवर ठेवली आणि टाइप केलं.

"बसा ना," तो म्हणाला. "घाबरू नका. गाडी शिकायला आलात का?"

मग त्याने टेबलावरचा एक कोरा फॉर्म ओढला आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं.